जाऊबाईंचा एकच शब्द

थोरल्या जाऊबाईंना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडायचा. घरच्याच शिवणाच्या दुकानात त्या गल्ल्यावर बसत आणि मशीनवरच्या धाकटीने काहीही मागितलं की चष्म्यावरून बघत विचारत, "नेसेसरी आहे का?" कात्री बोथट झाली, नेसेसरी आहे का? पंखा बंद पडला, नेसेसरी आहे का? धाकटी हसून सोडून द्यायची.

मग एकदा तिच्या आईला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला. दुकानात शाळेचे गणवेश अर्धवट पडलेले. "आजच जाणं नेसेसरी आहे का? उद्या जा की," जाऊबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी पोचली तेव्हा आईच्या पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

परत आल्यावर तिने लेकीला त्या शब्दाचा नेमका अर्थ विचारला. "ज्याच्यावाचून चालतच नाही ते," लेक म्हणाली. धाकटीने तो अर्थ मनात जपून ठेवला आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. डूख धरावा तर असा.

वर्षं गेली, जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांना स्वतःसाठी निळा, रेशमी, अंगाबरोबर बसणारा झगा हवा होता. धाकटीने जीव ओतून शिवला, पण शेवटची इस्त्री राहिलीय म्हणत थेट हॉलवरच आणला. मागच्या खोलीत जाऊबाईंनी तो चढवला, आरशासमोर मिरवल्या आणि मग हात पाठीकडे नेऊन चाचपडू लागल्या.

"अगं, मागची चेन कुठंय?"

"चेन नेसेसरी होती का, ताई?"

जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पाठ कमरेपर्यंत उघडी, बदलायला फक्त घरून घालून आलेला मळका गाऊन, आणि बाहेरून 'नवरीची आई कुठंय' अशा हाका. त्यांनी डोळे वटारून पाहिलं, विनवून पाहिलं. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "चुकलं गं माझं. तुला त्याच दिवशी जाऊ द्यायला हवं होतं."

इतकी वर्षं धाकटी याच वाक्याची वाट बघत होती. पण आता ते ऐकायला आईच नव्हती. राग तसूभरही हलला नाही. तिने पर्समधून सुईदोरा काढला आणि झगा जाऊबाईंच्या अंगावरच शिवून टाकला, दुहेरी दोऱ्याने, बारीक टाके घालून.

"फार आवळतंय गं. घरी गेल्या गेल्या उसवायला ये हं."

धाकटीने दातांनी दोरा तोडला.

"आजच नेसेसरी आहे का, ताई? उद्या येते की."