बारवेत उतरलेली बाई

पटकीच्या साथीत कासारखेड्याची माणसं काचेची होऊ लागली. आधी बोटं, मग दंड, मग पोट. पोटात ज्या पाण्यावर माणूस जगत होता ते पाणी दिसे. ओढ्याचं पाणी पिणाऱ्याच्या पोटात ओढा वाहायचा, आणि तो माणूस हिंडता-फिरता असायचा. जे अंथरुणाला खिळले, त्या सगळ्यांच्या पोटात मात्र गावची बारव होती, पायऱ्यांसकट.

द्वारका खरात ही सरकारी दवाखान्यातली नर्स. तांबड्या औषधाचा डबा घेऊन ती बैलगाडीतून आली आणि दोन दिवस घरोघर पोटं बघत फिरली. ती याच गावची. पण त्या बारवेच्या पायरीला तिच्या आईचा पाय गावानं कधी लागू दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती म्हाळोजी पाटलांच्या ओसरीसमोर उभी राहिली. पाटील छातीपर्यंत काचेचे झाले होते. बारवेत औषध टाकायला हवं, असं तिनं सांगितलं. काठावरून टाकून भागणार नव्हतं. तळाचे झरे गाठायला हवे होते.

"बारवेत तू उतरायचं न्हाई," पाटील म्हणाले.

"मग तुम्ही उतरा."

"मला उभं ऱ्हावत न्हाई."

"म्हणूनच मी आले, पाटील."

पाटलांनी स्वतःच्या पोटातल्या बारवेकडे पाहिलं. हो म्हणाले नाहीत, पण तिला अडवायला माणूसही धाडला नाही.

बारवेला चाळीस पायऱ्या होत्या. द्वारका चाळीस उतरली, तेव्हा पाणी आणखी एक पायरी खाली होतं. तिनं औषध टाकलं, पाणी गुलाबी झालं आणि खाली सरकलं. ती मागोमाग गेली. दुपारपर्यंत भिंती इतक्या जवळ आल्या की दोन्ही खांदे दगडाला घासू लागले. डब्यातलं औषध संपत नव्हतं. पाय भरून आले होते, भीतीही वाटत होती; पण प्रत्येक पायरीवर ती वाकत होती, औषध कालवत होती आणि पाण्याचा रंग नीट बघूनच पुढं जात होती.

वरून पाटलांच्या सुनेनं, सरूबाईनं, हाक दिली. मामंजींच्या छातीला रंग आला होता. न्हाव्याची पोर उठून बसली होती.

"बाई, आता वर या," सरूबाई म्हणाली.

"अजून झरे लागले नाहीत."

सरूबाईनं पदर खोचला. ती पायऱ्या उतरू लागली. तिच्यामागून न्हावीण आली, मग कुंभारीण, मग ज्यांच्या पावलांतून अजून दगड दिसत होता त्या बायकाही. खाली दाटत्या अंधारात प्रत्येकीनं पुढचीचा खांदा धरला. सरूबाईनं द्वारकेचा धरला.

द्वारका क्षणभर थबकली. इतक्या वर्षांत या बारवेचं पाणी पिणाऱ्या कुणी तिला हात लावला नव्हता. मग ती वाकली आणि तिनं औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं, जरा थांबलं, आणि सगळ्या बायकांदेखत एक पायरी खाली गेलं.