दलदलीच्या गिरमिटावरचा ठपका

मित्रांनो, मी लाकडाला भोक पाडणारे गिरमिट नव्हे. मी दलदलीचे एक जुने गिरमिट आहे. स्वीडनमधल्या एका लोहाराने मला घडवले. माझ्या टोकाला एक पोकळ डबी आहे. खोल उतरले की तिचे झाकण उघडते, आत गाळ भरतो आणि झाकण मिटून मी वर येते.

पूर्वी अभ्यासक गाळात पाने नि बुंधे तेवढे शोधत. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले, की फुलांचे पराग हजारो वर्षे कुजत नाहीत. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, की त्या काळी कोणते रान उभे होते ते कळते. गाळ जितका खोल, तितका जुना.

वीस वर्षे मी डॉक्टर एकेलुंडांबरोबर हिंडले. पराग मोजायच्या त्या त्यांच्या मदतनीस गुनहिल्डबाई. प्रत्येक खेपेनंतर माझी डबीही त्याच घासून धूत, कारण वरचा गाळ खालच्यात मिसळला की सगळे मुसळ केरात.

एका ऑक्टोबरात हाडे गोठवणारा गारठा होता. बाईंनी बादली उचलली, तसे डॉक्टर म्हणाले, "अहो, राहू द्या. कॉफी गार होतेय."

"डॉक्टर, वरचा गाळ आहे आत."

"कणभर असेल. किती ते सोवळं!"

मी तसेच खाली गेले. त्या कणभर गाळात स्प्रूस झाडाचे पराग होते. स्प्रूस इथे सगळे समजत होते त्याच्याही दोन हजार वर्षे आधी आले होते, असे डॉक्टरांनी छापून टाकले. केवढा गाजावाजा झाला! माझेही फोटो निघाले. मला लाज वाटत होती.

तीन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी तिथेच, धुतलेल्या गिरमिटाने गाळ काढला. खाली स्प्रूसचा एक कण नाही. भरसभेत मला टेबलावर ठेवून डॉक्टरांना जाब विचारला.

"आमचं गिरमिटच गळकं निघालं," ते शांतपणे म्हणाले.

"खरं का, बाई?" कोणीतरी विचारले.

"डॉक्टर म्हणतात तसंच," गुनहिल्डबाई खाली बघून म्हणाल्या.

मित्रांनो, माझे झाकण आजही घट्ट बसते. डॉक्टरांचा मला राग आला, पण बाईंच्या त्या तीन शब्दांनी माझा विश्वासच उडाला. त्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखे धुतले, पुसले, तेल लावले. मग आपल्या सुबक अक्षरात चिठ्ठी लिहून माझ्या दांड्याला बांधली: 'सदोष. वापरू नये.'

आता गाळाचे वय काढायच्या नव्या रीती आल्या आहेत. ते शास्त्र चुका दुरुस्त करत पुढे गेले. मी अडगळीत राहिले.

अवजार धूत जा, मित्रांनो. एखाद्या दिवशी राहिलेच, तर 'आज धुतले नाही' एवढे वहीत लिहा. आम्हाला बोलता येत नाही. बाईंना येत होते.