गयाबाई उभी होती

नवी गाडी घरी आली त्या दिवसापासून तिच्यात बसलं की दीपमालाचा जीव थाऱ्यावर राहत नसे. कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. गाडी देखणी होती, आदिलाबादेत त्यांच्या गल्लीत तशी दुसरी नव्हती, आणि दार लावलं की बाहेरचा गोंगाट कापून टाकल्यासारखा बंद व्हायचा. तिच्या नवऱ्याने, हर्षदीपने, तहसील कचेरीतल्या कारकुनीत इतकी वर्षं घासून ती घेतली होती. सासूबाई द्वारकाबाईंनी आधी त्रिशरण म्हटलं, मगच आत पाय टाकला. सारी उमर लोकांच्या वावरात कापूस वेचण्यात गेलेली बाई ती. मऊ सीटवरून हात फिरवत त्या बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या होत्या.

दीपमालाला खुपायचा तो समोरचा स्क्रीन. शाळेतल्या पाटीपेक्षा मोठा, दिवसाढवळ्याही डोळ्यांत भरणारा. गाणी त्यात, नकाशा त्यात, फोन त्यात, आणि एसी कमी-जास्त करायचं बटणसुद्धा त्यातच. आधीच्या जुन्या गाडीत हर्षदीप रस्त्यावरची नजर न काढता हाताने चाचपून ते बटण फिरवायचा. आता चाचपायला काही उरलंच नव्हतं, सगळी गुळगुळीत काच. ती इंद्रवेल्लीच्या शाळेत मास्तरीण, रोज बसने जाणारी. बसमध्ये उभ्याने गेली तरी तिला डुलकी लागायची, आणि या गाडीत डोळा म्हणून मिटत नव्हता.

कापूस वेचणीचे दिवस होते. मैत्री नावाच्या हर्षदीपच्या चुलतबहिणीचं नेरडीगोंड्याला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं म्हणून रविवारी जेवून तिघं निघाले. दीपमाला पुढे, द्वारकाबाई मागे. हायवेला लागल्यावर हर्षदीपने पायच उचलून घेतला आणि गाडी आपल्या मनाने कशी चालते ते आईला दाखवलं. पुढे ट्रक आला की ती आपोआप हळू व्हायची, ट्रक बाजूला झाला की पुन्हा पळायची. द्वारकाबाईंनी विचारलं, मग तू कायले बसला? त्यावर तो खूप हसला.

गाडीला बोलायचीही सवय होती. चाक पांढऱ्या पट्ट्याला लागलं की ती टिणटिण करायची आणि स्टिअरिंग थरथरायचं. प्रत्येक टिणटिणीला द्वारकाबाई दचकायच्या. गुडीहत्नूर येईस्तोवर हर्षदीप कंटाळला आणि स्क्रीनमध्ये खोल कुठेतरी शिरून त्याने तो आवाज बंद करून टाकला. मग कचेरीच्या ग्रुपवरचे मेसेज स्क्रीनवर येऊ लागले. मग त्याला एक गाणं हवं झालं. गाडीला तो इंग्रजीत सांगायचा, गाडीला त्याचं इंग्रजी कळायचं नाही, आणि ती भलत्याच कुणाला फोन लावू का म्हणून विचारायची.

समोर पाहा, असं दीपमाला दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. आदल्याच दिवशी यावरून दोघांचं वाजलं होतं. तू बसली की गाडी चालवाची मजाच जाते, असं तो म्हणाला होता, आणि ते तिला लागलं होतं. म्हणून ती गप्प बसली आणि त्याच्या वाटचा रस्ता आपणच पाहू लागली.

इच्चोडा मागे पडल्यावर द्वारकाबाईंनी पदर अंगाभोवती घेतला आणि थंडी वाजून राह्यली म्हणून सांगितलं. हर्षदीपने स्क्रीनवर बोट टेकवलं. नकाशा आला. दुसरीकडे टेकवलं, तर सीटचं चित्र आलं. तो थोडा पुढे वाकला.

दीपमालाला ती बाई दुरूनच दिसली होती. रस्त्याच्या डाव्या अंगाला, पांढऱ्या पट्ट्याच्या पार बाहेर, डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी. रस्ता मोकळा व्हायची वाट पाहत होती. एका हाताने भारा धरला होता, दुसरा हात उन्हासाठी डोळ्यांवर होता, आणि ती त्यांच्याच गाडीकडे पाहत होती. गाडी मात्र हलकेच, पाण्यात पान सरकावं तशी, डावीकडे सरकत चालली होती. पट्टा चाकाखाली गेला. टिणटिण झाली नाही. दीपमालाच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. तेवढ्यात गाडी स्वतःच किंचाळली आणि तिने स्वतःच कचकन ब्रेक मारला. तिघंही सीटबेल्टला अडकून पुढे फेकले गेले. ठोकर बसल्याचा आवाज फार लहान होता, धान्याच्या बोरीवर हात मारल्यासारखा.

बाई कडेच्या गवतात पडली होती आणि भारा तिच्या अंगावर. जवळच्या चहाच्या टपरीवरून माणसं धावली, कुणी तेलुगूत ओरडत होतं, कुणी मराठीत. दीपमाला आधी उतरली. हर्षदीप उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. विचारायच्या आतच तो सांगू लागला, अचानक मंधात आली, एकदम मंधात आली.

दीपमालाने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याने मान वर केली तेव्हा बाई समोर होती. त्याच्यापुरती ती अचानकच आली होती.

बाईचं नाव गयाबाई, तिथून जवळच्याच वस्तीतली. गुडघ्याखाली पाय नको तिथे वळला होता. लोकांनी उचलून तिला गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं, डोकं द्वारकाबाईंच्या मांडीवर. गाडी आदिलाबादकडे वळली. हर्षदीपने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. द्वारकाबाई रडत होत्या, म्या थंडी वाजते म्हटलं नसतं तं काही झालं नसतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आणि तेवढ्या वेदनेतही खालून गयाबाईचा आवाज आला.

"सायेब, माझंच चुकलं. म्या पायलं नाई."

कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात पोलीस आले. हर्षदीपने तेलुगूत बयान दिलं, कचेरीतला माणूस, नीट दिलं. गयाबाईने होकाराची मान हलवली. मग जमादार दीपमालाकडे वळला आणि तुम्ही पाहिलं का म्हणून त्याने विचारलं. सगळं फार लवकर झालं, असं ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं. जमादाराला तेवढं पुरलं. औषधपाण्याचा सारा खर्च हर्षदीप करणार, असं तिथल्या तिथे ठरलं. गयाबाईचा मुलगा पंकज धावत आला होता. त्याने उलट हर्षदीपचेच आभार मानले. दुसरा कोणी असता तं पळून गेला असता, साहेब.

त्यानंतर दीपमालाला कुठेच बरं वाटेना. बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि आरशात त्याचे डोळे पाहत राहायची. त्याने खिशाकडे हात नेला की ही समोरचा दांडा घट्ट धरायची. वर्गात फळ्याकडे पाठ केली की मागून काही येतंय असं वाटून ती गर्रकन वळायची, पोरं हसायची. घरी भेटायला येणाऱ्यांना हर्षदीप गाडीच्या ब्रेकबद्दल सांगायचा. गाडीनं आपल्या मनानं ब्रेक मारला म्हणून बाई वाचली, नाही तर जाग्यावर गेली असती. हेही खरंच होतं, आणि म्हणूनच तिला ते ऐकवत नसे. ती उठून आत जायची, भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची.

गयाबाईच्या पायात सळई घातल्यावर एक दिवस दीपमाला शाळेतून परस्पर दवाखान्यात गेली. सोबत संत्री नेली होती. पंकज आईला भरवत होता आणि भरवता भरवता बोलत होता. कितीदा सांगतलं तुले, रोड पाहून ओलांडत जाय. आता वस्तीतले लोक मले बोलून राह्यले, मायले एकटी काऊन सोडते म्हणून. गयाबाई लहान पोरीसारखी घास गिळत होती. दीपमालाला पाहून ती उठायला लागली, हिने तिला थांबवलं.

"मावशी, तुमाले आठवते का त्या दिवशीचं?"

गयाबाईने आठवून पाहिलं. "आधी आठवे," ती म्हणाली. "उभी होतो असं वाटे. पण सगळेच म्हणतात मी मंधात गेलो, तं गेलोच असन. आता उमर झाली, ध्यान राह्यत नाई."

दीपमालाच्या हातातली पिशवी खाली ठेवायची राहून गेली होती. या बाईचा पाय मोडला, तो जुळेलही. पण आपण कुठे उभे होतो हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेही सगळ्यांनी मिळून तिच्याकडून काढून घेतलं होतं. त्या सगळ्यांत दीपमालाही होती.

"तुमी मंधात नाई गेल्या," ती म्हणाली. "तुमी पट्ट्याच्या बाहीर उभ्या होत्या. हलल्यासुद्धा नाई. गाडीच तुमच्याकडं आली. माझे मालक समोर पाहत नव्हते."

पंकजचा घास धरलेला हात तसाच राहिला. "मग पोलिसाले काऊन नाई सांगतलं, मॅडम?"

तिने संत्र्यांची पिशवी खाटेखाली ठेवली. गयाबाई मात्र उशीवर मागे टेकली, डोळे मिटले आणि स्वतःशीच म्हणाली, उभीच होतो म्हना मी.

घरी येऊन दीपमालाने चप्पल काढायच्या आधी हर्षदीपला सांगितलं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. बारीक आवाजात म्हणाला, मिटलेलं होतं ते. सरकारी नोकरी आहे माझी, कळतं का तुले? ती म्हणाली, कळतं. मग त्याने विचारलं, तू पाहत होती तं ओरडली काऊन नाई? हा प्रश्न ती स्वतःला रोजच विचारत होती, त्यामुळे तो तिला नवा नव्हता. तरी त्याच्या तोंडून आल्यावर ती चप्पल न काढताच आत निघून गेली.

दोघांचं बोलणं बंद झालं. तो कचेरीत जायचा, यायचा, जेवायचा. ती दाराच्या आवाजावर कान ठेवून असायची. पंकज आला की काय, पोलीस आले की काय, असं दर वेळी वाटायचं. कुणीच येत नव्हतं, आणि न येण्यानेच जास्त जीव जात होता. शेवटी सुटीच्या एका सकाळी द्वारकाबाईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि तिथेच बसल्या.

"बापू, लोकाच्या वावरात राबली मी," त्या म्हणाल्या. "वावरात काही बिगडलं, बैल पऱ्हाटीत शिरला, पाण्याचा पाट फुटला, की आमीच पह्यले म्हनो, मालक, आमचं चुकलं. कोनी इचाराच्या आंधीच म्हनो. तशी सवयच होती. ते बाई माह्या मांडीवर तसंच म्हने. मले तवाच समजलं, पण तू माहा लेक ना."

हर्षदीपने कप तसाच बाजूला सारला. चहावर साय धरली. मग तो उठला, शर्ट बदलला आणि कुणाला काही न सांगता पायीच बाहेर पडला. दीपमाला दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दुपारी तो आला तेव्हा सगळा घामाने भिजला होता. पोलीस ठाण्यात जाऊन आलो, म्हणाला. मी समोर पाहत नव्हतो, आवाजही मीच बंद केला होता, असं सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, मिटलेली गोष्ट उकरता कायले? मी म्हटलं, लिहून घ्या. एवढं सांगून तो पलंगावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिने जवळ बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

केस झाली. कचेरीत कुजबुज झाली, नोटीस आली, वरचे लोक टाकून बोलले. नोकरी गेली नाही, पण बढतीच्या वेळी त्याचं नाव मागे राहिलं. तेव्हा तो एकदा दीपमालावर चिडला, एकदाच. गयाबाईचा पाय जुळला तो आखूड जुळला. ती काठी घेऊन चालू लागली. वस्तीत आता तिला कुणी काही म्हणत नव्हतं. उलट हायवेवरच्या गाड्या कशा आपल्याआपण कडेला येतात, हे ती बायांना सांगायची.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला सगळे आदिलाबादच्या कोर्टाबाहेर भेटले. काम लवकर आटपलं, पुढची तारीख पडली. पंकज वकिलाशी बोलत मागे राहिला. गयाबाई पायऱ्या एकेक करून उतरत होती. हर्षदीप पुढे झाला. आता तो गाडीत फोन बंद करून मागे ठेवायचा आणि एसी निघण्याआधीच लावून घ्यायचा, हे दीपमालाला माहीत होतं. तरी त्याच्या शेजारी बसली की तिचा उजवा पाय खाली ब्रेक शोधायचा.

"मावशी," तो म्हणाला, "गाडी आणली आहे. वस्तीपर्यंत सोडतो तुमाले. हळू नेतो."

गयाबाईने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"नाई, सायेब. मी बशीनंच जातो."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो तिच्यासोबत बसच्या थांब्यापर्यंत चालत गेला, तिच्या चालीने, थांबत थांबत. पंकज मागून येऊन मिळाला. बस आली तेव्हा गर्दीत हर्षदीपने हात आडवा धरून तिला वाट करून दिली, आणि ती आत जाऊन बसेपर्यंत तो खालीच उभा होता. बस निघाली, धूळ उडाली. हर्षदीप वळला आणि किल्ली काढून गाडीकडे चालू लागला. दीपमाला जराशी मागे रेंगाळली. आपणही चढायला हवं होतं, असं तिला वाटत होतं. मग त्याने मागे वळून पाहिलं, आणि ती भरभर त्याच्याकडे गेली.