शुक्रवारी सकाळी, रिव्हर्स घेताना

विभावरीने गाडी मागे घेतली आणि मागून पत्रा चेपल्याचा आवाज आला.

आवाज तसा मोठा नव्हता. तुपाचा रिकामा डबा पायाखाली यावा, तेवढाच. पण तिचा ब्रेकवर गेलेला पाय तिथेच खिळला आणि मघापासून तोंडात घोळत असलेला कालच्या कीर्तनातला नामगजर अर्ध्यावरच थांबला.

"मम्मा, यू हिट समवन," मागच्या सीटवरून अवनी म्हणाली.

"कुणाला? माणसाला?"

"नो. अ कार. अ बिग वन."

विभावरीने डोळे मिटून देवाचे आभार मानले, मग ते उघडून आरशात पाहिलं. मागची काच भरून एक हिरवीगार रेंज रोव्हर उभी होती.

पुढचं सगळं तिने सदानंदने शिकवल्याप्रमाणे केलं. चार वेळा नापास होऊन पाचव्या खेपेला लायसन मिळालं, त्या संध्याकाळी तो तिला समोर बसवून म्हणाला होता, "काही झालं तर आधी फोन, मग दार. गाडी जागची हलवायची नाही. पोलिसांचा कागद असल्याशिवाय या गावात कुठलंही गॅरेज गाडीला हात लावत नाही, कळलं?" त्याच दिवशी त्याने तिला मोबाइल घेऊन दिला होता. त्यात एक नंबरला पोलीस आणि दोन नंबरला तो स्वतः. "नवरा दुसऱ्या नंबरावर?" असं ती हसून म्हणाली होती. सदानंद मात्र हसला नव्हता. "एक जरी ठोकलीस ना विभा, तर चावी माझ्याकडे. मग गुपचूप शेजारी बसायचं."

तिने एकचं बटण दाबून धरलं. सुपरमार्केटचं नाव सांगितलं. पलीकडून "ओके मॅडम, कमिंग" ऐकू आलं. मग तिने दार उघडलं.

बाहेर आखातातलं जूनचं ऊन अंगावर आलं. सकाळचे दहाच वाजले होते, पण डांबर तव्यासारखं तापलं होतं. सातवा नावाच्या वस्तीत मैत्रिणीकडे, स्मिताकडे, अकराला कीर्तन उभं राहायचं होतं. बुवा सांगलीहून आठ दिवसांसाठी आले होते. पन्ह्याला बर्फ कमी पडला म्हणून स्मिताने फोन केला आणि विभावरी वाट वाकडी करून इथे थांबली, एवढंच काय ते घडलं होतं. सदानंद शुक्रवारची सुटी असूनही जबल अलीच्या गोदामात स्टॉक मोजायला गेला होता. बर्फाच्या दोन पिशव्या पुढच्या सीटच्या पायाशी पडून होत्या.

रेंज रोव्हरमधून एक गोरा माणूस उतरला. पन्नाशीचा असावा. अर्धी चड्डी, आणि शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"काही नाही, काही झालेलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या गाडीला तर ओरखडासुद्धा नाही. तुमचा दिवा फुटलाय, तो मी भरून देतो. आपण आपलं मिटवून टाकू."

"आय कॉल पोलीस," विभावरी म्हणाली. "दे आर कमिंग."

माणसाचा चेहरा एखाद्या बिल्डिंगची वीज जावी तसा विझला.

"आधीच?"

"येस. माय मिस्टेक. आय ॲम सॉरी."

तिला वाटलं, साहेब चिडणार. सदानंदच्या ऑफिसातले साहेब चिडले की आवाज न चढवता बोलतात आणि तेच जास्त भीतीदायक असतं, असं तो सांगायचा. पण हा चिडला नाही. त्याने चार पावलं रस्त्याच्या दिशेने टाकली, परत आला, आणि बोलायलाच लागला. आपलं नाव कॉलिन, म्हणाला. रात्रभर मित्राकडे टीव्हीसमोर जागलो, म्हणाला. काल तिकडे विलायतेत निवडणूक होती, त्याचा पक्ष पार झोपला. लोकांना काय झालंय तेच कळत नाही. चार वर्षांपूर्वी लेबरला डोक्यावर घेतलं आणि आता पुन्हा घेतलं! मग त्याची नजर तिच्या गाडीवर गेली. सनी चांगली गाडी, एकदम समंजस. त्याची बायको म्हणत होती जपानी घ्या, पण हा हट्टाने या रेंज रोव्हरच्याच मागे लागला. आणि मोबाइल कोणता तुमचा? बघू? याची बॅटरी म्हणे आठवडाभर टिकते.

बोलताना तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर सारखी रस्त्याच्या टोकाकडे जात होती.

विभावरीला हे बोलणं ओळखीचं वाटलं. दोन वर्षांपूर्वी सदानंदच्या कंपनीत कपातीची यादी लागायची होती, तेव्हा तो आठवडाभर घरी वॉशिंग मशीनवर बोलत होता. वरून कपडे टाकायचं चांगलं की समोरून. कोरियन मशीन टिकतं की जर्मन. जेवताना, झोपताना, एकच विषय. तिने शेवटी विचारलं होतं, "अहो, आपल्याला घ्यायचंय का मशीन?" तेव्हा तो पानातला भात तसाच ठेवून उठला होता.

वारा फिरला, आणि तिला वास आला.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. आंबूस, गोडसर. मग कळलं, आणि तिची मान आपोआप मागे गेली. कॉलिनने ते पाहिलं. त्याचं बोलणं थांबलं.

"पहाटेपर्यंत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "निकाल लागेपर्यंत. आता मला बरं वाटत होतं. नुसतं दूध आणायला निघालो होतो. एकवीस वर्षं झाली मला इथे, मॅडम. आजवर कधी..."

त्याने दोन्ही हात खिशात घातले.

या गावात गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला हा वास आला, की पुढे काय होतं ते विभावरीला माहीत होतं. त्यांच्याच मजल्यावरचा रफिक एकदा सांगत होता, आधी कोठडी, मग कोर्ट, मग विमान. संसार चार खोक्यांत बसतो.

आणि मग तिच्या मनात एक विचार आला. तिचा तिलाच त्याचा धक्का बसला. पोलीस येतील. तिने काही बोलायचंही नाही, नुसतं नाकाला पदर लावायचा. मग रिव्हर्समध्ये कोण होतं हे कोण विचारतंय? चुकीचा लाल कागद त्याला, निर्दोष म्हणून हिरवा कागद तिला. दिव्याचे पैसे त्याचे. आणि सदानंदला सांगायचं, माझी चूक नव्हतीच हो, तो प्यायलेला होता. चावी तिच्याकडेच राहणार. बाजार, अवनीची शाळा, बुवांचं कीर्तन, कुणाची वाट न बघता. विचार किती सरळ होता! सरळ होता म्हणूनच तिला त्याची भीती वाटली.

कालच बुवा निरूपणात थांबले होते. पेटीवाल्याला हातानेच खूण करून त्यांनी सूर धरायला सांगितला होता आणि त्या सुरावर अगदी हळू म्हणाले होते, "भ्यालेला माणूस दारात आला, तर त्याचं गोत्र विचारू नका हो. आधी त्याला आडोसा द्या." तेव्हा विभावरीच्या डोळ्यांना धार लागली होती. गाण्याच्या सुरावर असलं ऐकलं की रडायला काय लागतं? इथे ना पेटी होती ना सूर. पार्किंगमधल्या गाड्यांचे एसी तेवढे घुमत होते.

दूरवर पोलिसांची गाडी वळली.

विभावरीने पर्स उघडली. कुंकवाची डबी, लायसन, अवनीचा रुमाल बाजूला सारून तिने लवंग-वेलचीची पितळी डबी काढली आणि सगळीच्या सगळी त्याच्या हातावर उपडी केली.

"चावा," ती म्हणाली. मराठीतच. "सगळ्या. गिळू नका."

कॉलिनने एकदा हातातल्या लवंगांकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मूठभर लवंगा तोंडात टाकल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिकडे उभे राहा. गो. देअर. आणि लायसन, कागद, गिव्ह मी."

पोलीस कोवळा होता, पंचविशीचा. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा गणवेश. विभावरी त्याला सामोरी गेली. दोघांचेही कागद तिने स्वतःच त्याच्या हातात दिले.

"मॅडम, रिव्हर्स में कौन था?"

"मैं. मैंने देखा नहीं. मेरी गलती."

"बराबर देखा नहीं?"

"नहीं देखा," ती म्हणाली. हे खरंच होतं.

पोलिसाने लांबूनच कॉलिनला विचारलं, "सर, ओके? हॉस्पिटल?" कॉलिनने तोंड न उघडता मान हलवली. पोलिसाने खाली वाकून फुटलेला दिवा पाहिला, मग बोनेटवर पॅड ठेवून लिहायला लागला. ते लिहिणं काही केल्या संपेना. विभावरी मनातल्या मनात जप करत होती आणि तोही चुकत होता. अखेर त्याने लाल कागद फाडून तिला दिला, हिरवा तिच्याच हातात कॉलिनसाठी दिला.

"खलास, मॅडम. नेक्स्ट टाइम मिरर देखो, हां? और यल्ला, दोनों गाडी हटाओ, रस्ता बंद है." आणि तो आपल्या गाडीत जाऊन वायरलेसवर बोलू लागला.

खलास. विभावरीने श्वास सोडला. एक माणूस वाचला होता. तिने सगळे कागद घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि वर पाहिलं तर कॉलिन रेंज रोव्हरचं दार उघडत होता. किल्ली भोकात जात नव्हती. दोनदा चुकली. त्याच्या गाडीमागून एक बाई ट्रॉली ढकलत येत होती, ट्रॉलीत तान्हं मूल बसलेलं.

बुवांनी आडोसा द्या म्हटलं होतं. गाडी द्या, असं म्हटलं नव्हतं.

ती धावतच त्याच्यापाशी गेली आणि तळहात पुढे केला.

"की."

"मॅडम, पाच मिनिटांवर घर आहे माझं."

"की."

"तुम्ही आत्ताच मला ठोकलंय!" तो कळवळून म्हणाला.

"हो, ठोकलंय. की द्या. नाहीतर..." तिने पोलिसाच्या गाडीकडे पाहिलं, बोट मात्र दाखवलं नाही. आपण हे कुणाशी बोलतोय, काय बोलतोय, याची तिला भीती वाटली. पण तळहात तिने मागे घेतला नाही.

कॉलिनने किल्ली दिली.

ती गाडी म्हणजे गच्चीवर चढून चालवायचा प्रकार होता. सीट इतकी मागे, की पाय जेमतेम पोचत होता. गिअरचा दांडा कुठे, ब्रेक कुठला, कशाचाच पत्ता नाही. खाली सुपरमार्केटचा ट्रॉलीवाला हमदुल्ला हात हलवून "आने दो, आने दो बाजी" म्हणत होता. पोलीस वायरलेस खाली ठेवून तोंड उघडं टाकून बघत होता. ज्याला ठोकलं त्याचीच गाडी बाई लावून देतेय, असा तमाशा त्याने बघितला नसणार. विभावरीने देवाचं नाव घेतलं आणि पाय अगदी कणभर दाबला. गाडी गोगलगायीसारखी सरकत दोन पांढऱ्या रेघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. एक चाक रेघेवर होतं. ते असू दे, म्हणून तिने इंजिन बंद केलं.

पोलिसांची गाडी निघून गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून ओठ चावतोय आणि ओठ खारट लागतोय.

"उद्या दहा वाजता," कॉलिनला त्याचे कागद परत देत ती म्हणाली. "माय हजबंड विल ब्रिंग की." सदानंदला हे कसं सांगायचं, ते तिला अजून सुचलं नव्हतं. लाल कागदाआधी सांगायचं की नंतर, तेवढंच ती ठरवत होती. "नाऊ, सिट. मागे. अवनी, तू पुढे ये."

कॉलिनने सनीचं मागचं दार उघडलं आणि गुडघे पोटाशी घेऊन तो आत बसला. पट्टा ओढून लावला, दोनदा हिसडून पाहिला. मग वरच्या हँडलला हात घातला.

"इज युवर मदर अ गुड ड्रायव्हर?" त्याने अवनीला हळूच विचारलं.

अवनीने खरोखर विचार केला. "नो," ती म्हणाली.

विभावरीने गाडी चालू केली. रिव्हर्सचा गिअर टाकला, आणि तिचा पाय पुन्हा ब्रेकवर खिळला. घाम कपाळावरून भुवईत उतरला. आरशात कॉलिनचा पांढराफटक चेहरा दिसत होता, त्यामागे काच, काचेमागे ऊन.

"मागे बघा जरा," ती म्हणाली. "कुणी येतंय का?"

"शी वॉन्ट्स यू टू लुक," अवनीने सांगितलं.

कॉलिनने हँडल सोडलं, पट्ट्यातल्या पट्ट्यात सगळं अंग वळवलं आणि कपाळ काचेला टेकवून तो बराच वेळ बघत राहिला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"क्लिअर," तो म्हणाला.

विभावरीने ते ऐकलं, आणि मग मान वळवून स्वतःही पाहिलं.