पॉलिहाऊस गरम का होतं?

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची हकिगत ऐकून मी मोठी हुशार आहे असा कुणाचा समज व्हायचा. हुशारी थोडी होती, राग जास्त होता.

करमाडच्या अलीकडं काकासाहेबांचं शिमला मिरचीचं पॉलिहाऊस आहे. वीस गुंठ्यांवर लोखंडी सांगाडा, त्यावर ताणलेलं प्लास्टिक आणि बाजूंना गुंडाळता येणारे प्लास्टिकचेच पडदे. तिथं मी नऊ वर्षं कामाला आहे. रोपं बांधणं, छाटणी, ठिबक, फवारणी, सगळं करते. फेब्रुवारीपासून काकासाहेब दुसरं पॉलिहाऊस चालू करणार होते आणि त्यासाठी त्यांना सुपरवायझर हवा होता. मला म्हणाले, "करुणा, काम तुला येतं, नाय असं नाय. पण कागद लागतो. प्रमाणपत्र आण, नायतर मी नाशकाकडचा डिप्लोमावाला बोलावतो."

मग मी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात दहा दिवसांचा वर्ग केला. रोज पहाटे उठून डबा करायचा आणि करमाडहून बस धरायची. लेखी परीक्षेत वर्गात पहिली आले. तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला आपटले.

शिकवायला सोमनाथ सर होते. माणूस चांगला, शिकवायचे मन लावून, पण उत्तर मात्र त्यांच्या टिपणातलंच लागायचं. त्यांनी विचारलं, "पॉलिहाऊस आतून गरम का होतं?"

टिपणात असं होतं: ऊन प्लास्टिकमधून आत येतं, जमीन तापते, तिची उष्णता प्लास्टिक बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीभोवतीची हवाही नेमकं असंच करते, म्हणून त्याला हरितगृह परिणाम म्हणतात.

मी म्हणाले, "सर, आतली तापलेली हवा कोंडून राहते म्हणून. पडदे उघडले की थंड होतं."

"म्हणजेच हरितगृह परिणाम."

"नाय सर. ते वेगळं. पृथ्वीला कुठं पडदे हायेत?"

मागं आपली पाळी यायची वाट बघत बसलेले सगळे हसले. ते हसले नसते तर सरांनी कदाचित ऐकून घेतलं असतं. आता त्यांचा चेहरा लाल झाला. "टिपण पाठ करून या," ते म्हणाले. "बुधवारी फेरपरीक्षा." आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी मिरच्या तोडताना मी हे वच्छलाताईला सांगितलं. ती माझ्याच ओळीत काम करते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तीही याच परीक्षेत नापास झाली होती. तिला काय विचारलं, तिनं काय सांगितलं, हे तिनं कधीच बोलून दाखवलं नाही. "जमलं नाय," एवढंच म्हणायची आणि क्रेट उचलून चालायला लागायची. बाया तिला 'सर्टिफिकेटवाली' म्हणून चिडवायच्या. मीही चिडवलं होतं.

माझं ऐकून तिनं हातातली मिरची क्रेटमध्ये टाकली आणि म्हणाली, "त्यांना पायजे ते बोल अन् मोकळी हो. तोंडी परीक्षा म्हंजे तोंड आवरायची परीक्षा असती, करुणा."

"आणि खरं काय ते?"

"खरं घेऊन कुठं जाशील?"

त्या रात्री मी टिपण पाठ करायला बसले. चार ओळींचा तर मामला. पण तिसऱ्या ओळीशी आलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दुसरीकडं शंकाही होती. आपण बारावी सायन्स पास, ते शिकवणारे. चुकत मीच असेन तर? मग ठरवलं, आधी मोजायचं. चुकले तर पाठ करीन, नाही चुकले तर मरेपर्यंत करणार नाही.

पॉलिहाऊसमध्ये एक तापमापक टांगलेला होताच. दुसरा मी कृषी केंद्रातून आणून बाहेर शेवग्याच्या सावलीत लावला. दिवस जानेवारीचे. भर दुपारी सगळे पडदे बंद असताना आत चव्वेचाळीस, बाहेर एकतीस. बाजूचे आणि वरच्या फटीचे पडदे गुंडाळले आणि पंधरा मिनिटांनी पाहिलं, तर आत चौतीस. ऊन तेच, डोक्यावरचं प्लास्टिक तेच. बदललं होतं ते एवढंच की वाऱ्याला वाट मिळाली होती.

पहाटेचा आकडा त्याहून नवलाचा निघाला. आभाळ निरभ्र, पडदे गच्च बंद, तरी बाहेर दहा आणि आत नऊ. प्लास्टिक जमिनीची ऊब धरून ठेवतं म्हणता, मग ती रात्रीतून गेली कुठं? आरपार निघून गेली. थोडीफार ते अडवत असेलही, पण दुपारचा तो भडका काही त्याच्या जोरावर नव्हता. चौथ्या दिवशी मात्र पहाटे आत-बाहेर दोन्हीकडं सतरा. मी चक्रावले. घरी आले तर माझ्या सासूबाई भामाबाई शाल खुंटीला टांगून अंगण झाडत होत्या.

"आत्याबाई, आज थंडी वाजंना का हो?"

"आभाळ आलंय की वर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आभाळ असलं की जिमिनीची ऊब जात नसती. एवढं बी माहीत नाय व्हय?"

मी तिथंच पायरीवर बसले. मला हवं होतं ते उत्तर म्हातारीला आयुष्यभर ठाऊक होतं.

त्याच दिवशी खाडा करून औरंगपुऱ्याला गेले. केंद्राच्या जिन्यात नियमांचा फलक आहे, त्याच्यासमोर लोक चपला सोडतात, वाचत कुणी नाही. मी वाचला. 'तोंडी परीक्षा केंद्रावर किंवा शेतावर घेता येईल. नापास उमेदवारास तीन वर्षांच्या आत फेरपरीक्षा देता येईल.' सरांसमोर जाऊन म्हणाले, "सर, माझी फेरपरीक्षा शेतावर घ्या. भर दुपारी."

"ताई, चार ओळी पाठ करायच्या तर—"

"नियमात हाय, सर."

त्यांनी उठून, जिन्यात जाऊन स्वतः वाचलं. मग म्हणाले, "बरं. येतो."

बुधवारी दीड वाजता सर आले. काकासाहेब हजर होते. बायाही दारात जमल्या, तमाशा कुणाला नको असतो? मी वच्छलाताईला सगळे पडदे खाली सोडायला सांगितलं आणि सरांना आत नेलं. दहा मिनिटांत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. काकासाहेब मिरचीच्या काळजीनं आणि उकाड्यानं दोन्हींनी घामाघूम झाले. तापमापक त्रेचाळीसवर.

"आता विचारा, सर."

त्यांनी घाम पुसत विचारलं, "पॉलिहाऊस आतून गरम का होतं?"

"वच्छलाताई, उघड!"

पडदे गुंडाळायचा दांडा कुरकुरला. खालून वारा शिरला, वरच्या फटीतून तापलेली हवा निघाली. आम्ही तिघं तापमापकाकडं बघत उभे राहिलो. एकेचाळीस, अडतीस, पस्तीस. सरांनी वर पाहिलं. प्लास्टिक जागेवरच होतं.

मी माझी वही पुढं केली. पहाटेचे आकडे त्यांनी दोनदा वाचले.

"पण मग," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज परीक्षा घेणाऱ्याचा नव्हता, "पृथ्वीचं काय? ते तर खोटं नाही ना?"

"ते शंभर टक्के खरं हाय, सर. फक्त ते असं होत नाय. जमीन ऊन खाते आणि ती ऊब न दिसणाऱ्या किरणांनी वर सोडते. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड ते किरण गिळतात आणि ऊब पुन्हा चहूकडं सोडतात. बरीच खाली येते. हे नसतं तर पृथ्वी सरासरी उणे अठरा अंशांवर गारठली असती. हे हाय म्हणून पंधराच्या आसपास राहते. आभाळ आलं की थंडी कमी, ते बी त्यातलंच. आता आपण धूर सोडसोडून कार्बन डायऑक्साइड वाढवला, म्हणून ऊब निसटायची कमी झाली अन् सगळंच तापत चाललंय."

"पण नावच हरितगृह परिणाम आहे."

"नाव ठेवणारा दुपारी आत उभा राहिला नसंल, सर. हितं गरम झालं तर मी पडदा उघडते. तिथं उघडायला पडदाच नाय. हे दोन्ही एकच म्हणून शिकवलं, तर लोकांना वाटंल, होईल काहीतरी, कुणीतरी उघडंल."

उरलेले नऊ प्रश्न सरांनी भराभर विचारले, मी भराभर सांगितले. त्यांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली. मग हळूच म्हणाले, "अकरा वर्ग झाले, मी हेच शिकवतोय."

काकासाहेब म्हणाले, "बरं झालं बाई, नाशकाचा फोन वाचला." बाया हसल्या. मला फार आनंद झाला होता, उड्या माराव्यात असा.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी बी हेच म्हणले होते, सर."

वच्छलाताई अजून दांडा धरूनच उभी होती. "दोन वर्षांमागं. हवा कोंडती म्हणून, असं म्हणले. तुम्ही म्हणलात, बाई, घरी जा."

सरांची मान खाली गेली. त्यांना आठवलं, हे कुणालाही दिसत होतं. आणि मला माझाच शब्द आठवला, सर्टिफिकेटवाली. कुठं तोंड लपवू असं झालं. दोन वर्षं ती खरं उत्तर पोटात घेऊन माझ्या शेजारी मिरच्या तोडत होती आणि मी तिला हसत होते.

सर पेन खिशाला लावत होते. मी त्यांचा हात धरला. खरंच धरला.

"पेन ठेवू नका, सर. तीन वर्षं झाली नायेत. हिची फेरपरीक्षा घ्या. आत्ता, हितंच."

"अगं पण," काकासाहेब म्हणाले, "मला एकच सुपरवायझर पायजे."

"पॉलिहाऊस दोन हायेत, काकासाहेब."

काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, दांड्याकडं पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. नाही म्हणाले नाहीत.

सरांनी पिशवीतून नवा कागद काढला, मिरचीच्या क्रेटवर ठेवला. "वच्छलाबाई," त्यांनी विचारलं, "पॉलिहाऊस आतून गरम का होतं?"

वच्छलाताईनं दांडा सोडला. पदराला हात पुसले, सरांसमोर येऊन उभी राहिली.

"आधी लिहायला घ्या, सर," ती म्हणाली. "मग सांगते."