उजवा खांदा

पवनने काठी दोघांच्या मध्ये फेकली. बंगल्याच्या फरशीवर ती वाजत गेली.

"जागा एकच आहे. दोघंही म्हणताय अंगात जोर आहे. दाखवा मग." खंडाळ्यातल्या बंगल्यांना वॉचमन पुरवायचा ठेका त्याचा होता. "चोर काय तुमचं वय बघून येणार आहे, आबा?"

रतन आणि कैलास दोघंही साठीपुढचे. घाटात ठेकेदाराकडे रुळांवर एकत्र राबलेले. पेन्शन नाही. वय सांगितलं की प्रत्येक गेटवरून परत पाठवलेले.

"तू घरी जा, कैलास," रतन म्हणाला.

"तू जा की. माझ्या घरी खाणारी हायेत. तुझ्या कोन हाय?"

रतनची बायको गेल्यापासून रोज दुपारी त्याला कैलासच्या घरचा डबा यायचा. कैलासची बायको चिमाबाई न चुकता द्यायची. पगार सुरू झाला की डबा बंद करायचा, असं रतनने ठरवलं होतं.

तो काठीसाठी वाकला. कैलासने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात हलला, हनुवटीवर रक्त आलं. कैलासने काठी उचलून त्याच्या पाठीत घातली, मग मांडीवर. रतन गुडघ्यांवर आला.

"उठा, आबा, उठा!" पवन ओरडला.

घाटात एकदा रूळ निसटून कैलासचा उजवा खांदा निखळला होता. तो रतननेच बसवला होता. थंडीत अजून दुखायचा.

रतन उठला आणि त्याच खांद्यावर त्याने सगळा जोर लावून कोपर हाणलं. आत काहीतरी वाजलं. काठी पडली. कैलास ओरडला नाही, नुसतं बघत खाली बसला. रतनने काठी उचलली आणि बसलेल्या माणसाला त्याच जागी आणखी एकदा मारलं.

"बास, बास." पवन हसला. "तुम्ही फिट. ही घ्या शिट्टी."

दुसऱ्या दिवशी दुपारी कैलास गेटवर आला. उजवा हात लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधला होता. डाव्या हातात डबा.

"तिला म्हनलं, घसरून पडलो."

रतन खुर्चीतून उठला.

"भाकरी नको म्हनलं आज. मऊ भात करायला लावला." कैलासने डबा पुढे केला. "दात हलतोय न्हवं तुझा."

कैलासच्या मागे थांबलेल्या गाडीने गेट उघडण्यासाठी हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. रतनच्या दोन्ही हातांत डबा होता.