माशाच्या कानातले खडे

सर चार वाजता विमानतळाला निघणार होते आणि तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून खडा पडला.

खडा म्हणजे माशाच्या कानातला, तुरीच्या दाण्याएवढा. त्यावरची वलयं मोजली की माशाचं वय कळतं, झाडासारखंच. आमचा मासा समुद्रात हजार मीटर खाली राहतो. उमरेडला माझे बाबा अजून विचारतात, "मिनल, समुद्र सोडून मासे नागपुरात काहून मोजून राहिले तुम्ही?" नमुने केरळहून रेल्वेनं येतात, वर्षातून एकदा. म्हणून माझे गाइड कृष्णकांत सर यांचा नियमच होता: खडा फोडायचा नाही. वरून मोजायचा आणि परत डबीत ठेवायचा. चार वर्षं मी इमानेइतबारे तेच केलं.

त्यावरून सरांचा अहवाल झाला. मासा सहाव्या वर्षी अंडी धरतो, म्हणजे आतापेक्षा तिप्पट पकडला तरी संख्या लवकर भरून येईल. उद्या दिल्लीत त्यावर शिक्कामोर्तब होणार होतं.

खडा फुटला तेव्हा आधी रडूच आलं. मग तुटलेली कड सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वरून मी नऊ वलयं मोजली होती. आत एकेचाळीस होती.

पहिल्यांदा अंडी धरलेल्या एका मादीचा खडा काढला आणि मुद्दाम फोडला. सहा नव्हे, सत्तावीस. आणखी एक फोडला, अठ्ठावीस. वय वाढलं की खडा रुंद होत नाही, जाड होत जातो. वरून बहुतेक आयुष्य दिसतच नाही. जपून जपून वापरायच्या नादात आम्ही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. राग आला मला, सरांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सांगितलं तर माझी पीएचडी गेली. सर याच महिन्यात निवृत्त होणार. न सांगितलं तर? घड्याळात साडेतीन झाले.

सर बॅग घेऊन दारात आले. "काय झालं वं? चेहरा काहून उतरला?"

"सर, मी खडे फोडले."

ते ओरडतील असं वाटलं. मी खुर्ची सरकवली. ते वाकले, मोजू लागले. विशीपर्यंत आवाज येत होता, पुढे नुसते ओठ हलत राहिले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग दुसरा खडा, मग तिसरा.

"टॅक्सीले थांबायले सांग," म्हणाले, आणि त्यांनी दिल्लीला फोन लावला. "अहवाल थांबवा. सहा नाही, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागतात. चूक माझी आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सर खुर्चीवर बसले.

"हो," ते म्हणाले. "मागचा अहवालही असाच मोजला होता. ज्याच्यावर सहा वर्षांपासून बोटी चालू आहेत, तो."